रेघ टेकते का?

मी मेथी निवडत बसले होते आणि सासूबाईंनी माझ्यापुढे पाटी आणून ठेवली. लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला टवका उडालेली, माझ्या नवऱ्याच्या बालवाडीतली. पाटीवर ओला फडका, फडक्यावर खडू. नैवेद्याचं पान मांडावं तशी सगळी मांडणी.

"ऊर्मिला, मला गणित शिकव," त्या म्हणाल्या.

मी हातातली जुडी खाली ठेवली. तासगावच्या त्या घरात मला सून होऊन वर्ष झालं होतं, पाचवा महिना चालू होता, आणि मुलींच्या शाळेत मी गणितच शिकवत होते. पण सासूबाईंशी माझं बोलणं म्हणजे "मीठ बघ गं" आणि "दूध उतू जाईल" एवढ्यापुरतं. भांडण नव्हतं, तशा गप्पाही नव्हत्या. त्या अबोल, मी जरा धाकात. अशा बाईने अचानक समोर मांडी घालून बसावं आणि गणित मागावं, म्हणजे डोहाळे मला लागलेत की त्यांना, तेच आधी कळेना.

"कुठलं गणित, आई?"

"वर्गमुळापासनं धर. त्याच्या आधीचं येतं मला."

"आणि कुठपर्यंत?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. मामंजी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. "एक रेघ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तिथपर्यंत."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्कच झाले. ही बाई सांगलीच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती. वर्षभर एका चुलीवरचं खाऊन मला याचा पत्ता नव्हता. माझ्या नवऱ्यालाही नसावा.

"कॉलेजात मी हेमलता होते. जानकी इथं आल्यावर झाले," त्या म्हणाल्या. "देशिंगकर म्हणून सर होते गणिताला. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक वाकडी रेघ काढली. वरनं खाली आली, वळली, आणि खालच्या आडव्या रेघेच्या जवळ जवळ जायला लागली. फळा संपला तरी सर थांबेनात. भिंतीवरनं खडू ओढत पार दारापर्यंत गेले बघ. पोरं हसायला लागली. मी उभी राहिले. आख्ख्या वर्षात पहिल्यांदा. म्हटलं, सर, ही शेवटी टेकते का?"

"मग? काय म्हणाले सर?"

"'उद्या सांगतो. आज रात्री विचार करा.' तेवढ्यात घंटा झाली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"घरी गेले तर पाहुणे बसलेले," त्या म्हणाल्या. "तुझे मामंजी आणि त्यांच्याकडची मंडळी. मग कुठलं कॉलेज न् कुठलं काय."

मी मास्तरीणच ती. तोंडाला खाज सुटली. "अहो, त्याला असिम्टोट म्हणतात. एकदम सोपं आहे. ती रेघ—"

त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. उत्तर सांगायचं नाही. मला चालत तिथपर्यंत जायचंय. आणि हे बघ, डोहाळजेवण झालं की तू माहेरी जाणार. परत येशील ती पाळणा घेऊन. पाळण्यापुढं कुणाचं गणित चालतंय? तेव्हा जे काय ते तुझ्या जाण्याआधी."

मी मान डोलावली. मला तर हसूच येत होतं, पण त्या अजिबात हसत नव्हत्या.

दुपारी मी शाळेतून आले की शिकवणी. मामंजींची झोप हे आमचं वेळापत्रक. वर्गमूळ म्हणजे चौरसाची बाजू, हे मी त्यांना रांगोळीच्या ठिपक्यांवरून सांगितलं. तीन ओळी, तीन ठिपके, नऊ. नवाचं वर्गमूळ तीन. ते त्यांनी चुटकीसरशी उचललं. पंचवीस, एकोणपन्नास, एकशे एकवीस, सगळं तोंडी. मलाच वाटायला लागलं की मी फार चांगली शिक्षिका आहे.

अडलं ते दोनाच्या वर्गमुळाशी, आणि अडलं तेही पाटीवर नाही, शिवणात.

बाळासाठी त्या दुपटी शिवत होत्या. एक हातभर चौकोनी झालं होतं. आता त्याच्या दुप्पट मोठं हवं म्हणून त्यांनी आपली जुनी इरकल घेतली, दोन्ही बाजू दुप्पट मोजल्या आणि कात्री चालवली. मग हातात घेऊन बघतात तर काय, त्यात बाळच काय, बाळाची आई झोपली असती.

"दुप्पट म्हटलं आणि हे चौपट कसं झालं गं?" त्या रडवेल्या झाल्या. "माझी लग्नातली इरकल होती ही."

मी पाटी ओढली. एक बाजू, एक चौरस. दोन बाजू, चार चौरस. "तुम्हाला दोन हवेत. मग बाजू किती?"

"दीड," त्या ठामपणे म्हणाल्या.

दिडाचा वर्ग केला. सव्वादोन आला. जास्त. मग एक पूर्णांक चार दशांश. थोडं कमी पडलं. मग त्या चाराच्या पुढे एक. तरी कमी. दोन घेतले तर जास्त. त्यांनी पदर खोचला. तेव्हापासून दोन दिवस आमच्या घरात भाजी एकतर अळणी नाहीतर खारट. त्या पोळी लाटता लाटता उठायच्या आणि पीठभरल्या हाताने पाटीवर गुणाकार करायच्या. पाटी भरायची, पुसायची, पुन्हा भरायची.

"हे संपत का नाही?" त्या शेवटी माझ्यावरच उखडल्या. "तू काहीतरी लपवतेस."

"संपतच नाही ते, आई. कितीही करा."

"असं कसं? कापड आहे म्हणजे बाजू असणारच की!"

रागारागाने त्यांनी ते चौपट झालेलं कापड जमिनीवर पसरलं. बघत राहिल्या. मग एक टोक उचलून मध्यावर आणलं. दुसरं आणलं. तिसरं, चौथं. चारही टोकं मधोमध भेटली आणि खाली एक तिरका, नीटस चौकोन तयार झाला.

"जेवढं वर आलं, तेवढंच खाली आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे निम्मं. चाराचं निम्मं..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऊर्मिला, हे दोन आहे! ही त्याची बाजू!"

मी हे कुठल्याच वर्गात कधी दाखवलं नव्हतं, कारण मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी त्यांना मिठीच मारणार होते, पण आमच्यात तशी रीत नव्हती. म्हणून नुसत्या टाळ्या वाजवल्या. बाहेर मामंजींचं घोरणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

त्या कडेवरून हात फिरवत बसल्या. "हाताला लागते, पण आकड्यात मावत नाही. बरंय बाई. असू दे." चारही टोकं तशीच दुमडून त्यांनी टाके घातले. दुहेरी कापडाचं ते दुपटं इतकं उबदार झालं की माझी मुलगी पुढे चार वर्षांची होईपर्यंत त्याशिवाय झोपायची नाही.

मग आलो शक्यतेवर. शक्यता काढायची तर आधी काय काय होऊ शकतं ते सगळं मांडायचं, त्याला पुस्तकात नमुना अवकाश म्हणतात, हे मी सांगितलं. नाणं उडवलं. छापा किंवा काटा, दोनातला एक, निम्मी शक्यता. सासूबाई खूश.

"म्हणजे उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही. निम्मी शक्यता," त्या म्हणाल्या.

"असं नसतं, आई. दोन्ही गोष्टी सारख्याच शक्य पाहिजेत. आता मामंजी आज भांडी घासतील किंवा घासणार नाहीत. मग निम्मी शक्यता का?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे गदागदा हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या घरात मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "शून्य. लिही. शक्यता शून्य." मी लिहिलं. "आणि जे होणारच आहे त्याची?" "एक." "मग तिथं नाणं उडवायचं कशाला? त्याला खेळ म्हणतच नाहीत," त्यांनी निकाल दिला.

असे आम्ही आलेखापर्यंत आलो. आडवा अक्ष, उभा अक्ष, बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेघा. सरळ रेघ झाली. आता वाकडी घ्यायची, म्हणजे एक-दोन दुपारींचं काम, आणि तेवढ्यात मिरजेहून आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण. सासूबाई त्यांना वन्सं म्हणत आणि त्यांच्यासमोर पाटावर बसतसुद्धा नसत. आत्याबाईंनी आल्या आल्या पंचांग मागवलं आणि डोहाळजेवणाचा दिवस अलीकडे ओढला. पुढे म्हणे दिवस चांगले नव्हते. डोहाळजेवण झालं की दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ साताऱ्याहून न्यायला येणार हेही ठरवून टाकलं. घरभर त्यांचाच आवाज. पाटी तांदळाच्या डब्यामागे गेली.

"आज दुपारी?" मी स्वयंपाकघरात कुजबुजले.

"वन्सं जाग्या असतात दुपारी," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, आई, मी तोंडी सांगते, शपथ सोडवा. तर मान हलवून म्हणाल्या, "नको. राहिलं तर राहिलं. एवढी वर्षं राहिलंच होतं की."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मला आत्याबाईंचा मनस्वी राग आला.

डोहाळजेवण थाटात झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आळीतल्या सगळ्या बायका. ओटी भरून झाली आणि मग तो नेहमीचा गमतीचा खेळ आला. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या मांडायचा मान आत्याबाईंनी स्वतःकडे घेतला होता आणि आतल्या खोलीत दार लावून त्या मांडून आणल्या होत्या.

मी हात पुढे केला आणि उगाच घुटमळले.

"उचल गं कुठलीही," आत्याबाई म्हणाल्या. "विचार कसला करतीस? पेढाच येणार आहे."

मी डावीकडचं झाकण उचललं. पेढा! बायकांनी कालवा केला. आत्याबाईंनी कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. "मी म्हटलं नव्हतं? नातूच होणार!"

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, खाली वाकल्या आणि दुसऱ्या वाटीचं झाकण त्यांनी बाजूला केलं. त्यातही पेढा.

सासूबाईंनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "वन्सं, नमुना अवकाशच चुकलाय हो तुमचा."

मला हसू आवरेना. फुलांचा मुकुट डोळ्यांवर आला. बायकांना शब्द कळला नाही, पण दोन पेढे कळले. हास्याचा असा फवारा उडाला की आत्याबाई लालबुंद झाल्या. सासूबाईंनी आतून बर्फी आणली, निम्मा पेढा आणि निम्मी बर्फी एकत्र करून मला भरवली. "जे यायचं ते येऊ दे. नुसतं सुखरूप येऊ दे," त्या म्हणाल्या.

बायका पांगल्यावर आत्याबाई कडाडल्या. "चारचौघांत माझं नाक कापलंस, जानकी! अगं, तुला ह्या घरात आणलं कुणी? मी! तुझा बाप म्हणत होता, परीक्षा होऊ द्या, तीन आठवड्यांवर आलीय. मीच म्हटलं, परीक्षाबिरीक्षा काही नको, पोरगी फार शिकली तर हातची जाईल, आत्ताच काय ते उरकून टाका. नाहीतर कोण तुला—"

"ठाऊक आहे मला, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "मी दारामागंच उभी होते तेव्हा."

मामंजींनी पेपर उलटा धरून वाचायला सुरुवात केली.

सासूबाईंच्या आवाजात राग नव्हता. त्या तांदळाच्या डब्याकडे गेल्या, पाटी काढली, पदराने पुसली. "वन्सं, संध्याकाळचा चहा आज तुम्ही टाका. आलं जाळीत आहे. माझी शिकवणी आहे."

मधल्या खोलीत आम्ही बसलो. फुलांचे दागिने अजून माझ्या अंगावरच होते. मी पाटीवर अक्ष काढले. "आई, एक भाकरी आहे. जेवणारा एक असला तर?"

"एक भाकरी."

"दोघं?"

"अर्धी. चौघं असले तर चतकोर." त्यांनी माझ्या हातून खडू घेतला आणि बिंदू द्यायला सुरुवात केली. आठ जणं. सोळा. बिंदू खाली खाली उतरू लागले. त्या जोडत गेल्या आणि ती रेघ तयार झाली. वरून आलेली, वळलेली, आडव्या रेघेच्या जवळ जाणारी. त्यांचा हात जागच्या जागी थांबला. ओळख पटली होती.

"हीच," त्या म्हणाल्या.

"पुढे न्या," मी म्हटलं.

पाटी संपली. त्यांनी पाटी जमिनीला लावून ठेवली आणि खडू शहाबादी फरशीवर टेकवला. दोन फरश्यांमधला लांबच लांब सांधा हा झाला अक्ष. त्याच्या जरा वरून त्या रेघ ओढत निघाल्या. बसल्या बसल्या सरकत, तोंडाने पुटपुटत. "शंभर माणसं. हजार. आख्खं तासगाव. गणपतीच्या रथाला येतात तेवढी..." कपाटाखालून, बाहेरच्या खोलीत मामंजींच्या खुर्चीपाशी आल्या, मामंजींनी मुकाट्याने पाय वर घेतले. आत्याबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या, त्याही भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. रेघ सांध्याच्या जवळ, आणखी जवळ येत दारापर्यंत गेली. उंबऱ्यापाशी सासूबाई थांबल्या.

"ही बघ, टेकली की!" आत्याबाई न राहवून म्हणाल्या.

"खडू टेकलाय, वन्सं," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "खडू जाड असतो. रेघ टेकलेली नाही."

मी आता विचारायलाच हवं होतं. "का नाही टेकत, आई?"

"पंगत कितीही वाढली तरी प्रत्येकाच्या पानात काहीतरी पडणारच. कणभर का असेना." त्या उंबऱ्यावर बसल्या. "शून्य कुणाच्याच पानात येत नाही. म्हणजे टेकणारच नाही ती. कधीच नाही."

मी म्हटलं, "बरोबर."

मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्या हसायलाही लागल्या. "काय येडी मी," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मला वाटायचं, दुसऱ्या दिवशी वर्गात ती टेकली असणार. सगळ्यांनी बघितलं असणार, आणि मी तेवढी नव्हते. पोळ्या लाटताना वाटायचं, देवपूजा करताना वाटायचं, माझं तेवढं बघायचं राहिलं." त्यांनी माझा हात धरला. "आणि ती टेकलीच नाही गं! अजून चालतीच आहे. माझं काही बुडालं नाही, ऊर्मिला. काहीसुद्धा बुडालं नाही."

तेव्हा मात्र रीतभात बाजूला ठेवून मी त्यांना मिठी मारली. फुलांचे दागिने चुरगळले. आत्याबाईंनी कप खाली ठेवले आणि कुणाला न विचारता आपल्याही डोळ्याला पदर लावला.

सकाळी माझा भाऊ आला. रिक्षा दारात उभी होती. घर झाडून झालं होतं, पण रेघ तशीच होती. आत्याबाईंनी झाडू तिच्या कडेकडेने फिरवला होता. उंबरा ओलांडताना बघते तर रेघ बाहेर अंगणातही गेलेली. सासूबाईंनी पहाटे सडा घालून रांगोळी काढली होती, आणि ती रेघ रांगोळीच्या शेजारून निघून थेट फाटकापर्यंत गेली होती.

त्यांनी माझ्या हातावर दही घातलं, पिशवीत ते इरकलीचं दुपटं ठेवलं. आत्याबाई फाटकापाशी कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. रात्रभर झोप लागली नसावी असा चेहरा. रिक्षा सुरू होणार इतक्यात त्या म्हणाल्या, "ए जानकी, कणभर कणभर करत एवढी जवळ आली ती. मग एकदा तरी टेकेलच की गं. कशी नाही टेकणार?"

सासूबाईंनी रांगोळीचा डबा बंद केला. पदर नीट केला. मला वाटलं, आता पंगत सांगतील, भाकरी सांगतील. पण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे वळून देशिंगकर सरांसारखी मान ताठ केली.

"उद्या सांगते, वन्सं," त्या म्हणाल्या. "आज रात्री विचार करा."